वऱ्हाडची गादी

मराठीत 'गादी' हा शब्द मोठा मानाचा आहे. राजाला गादी असते, मठाधिपतीला गादी असते, आणि व्यापाऱ्याची पेढी ही तर गादीच. गादीवर बसणे, गादी चालविणे, गादीला वारस नसणे, असे कितीतरी प्रयोग आपण सहज करतो. आमच्या धंद्यात शब्दांचे अर्थ मुलांना सांगून सांगून जीभ झिजते. पण ज्याच्या हातांनी ती गादी भरली जाते त्या माणसाचा विचार या सगळ्या अर्थांत कुठेच येत नाही. माझ्याही मनात तो आला नव्हता. आला तो वऱ्हाडात, अमरावतीच्या एका बोळात, पालथ्या घातलेल्या सोफ्याशेजारी उभा असताना.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस पहाटे डोळे चोळीत उठतो तेव्हा खिडकीबाहेर काळीभोर जमीन पसरलेली असते. थंडीचे दिवस असले तर त्या काळ्यावर पांढरे ठिपके दिसू लागतात. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर मागे पडतात, बडनेरा येते, आणि तिथून अमरावती अगदी हाकेच्या अंतरावर. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असे आपले वाडवडील म्हणत. ते सोने म्हणजे हेच पांढरे ठिपके.

या सोन्याला भाव आला तो परक्यांच्या भांडणामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडला कापूस बंद झाल्याबरोबर मँचेस्टरच्या गिरण्यांची तोंडे उघडीच राहिली, आणि इंग्रजांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. वऱ्हाड निजामाकडून त्यांच्या ताब्यात १८५३ सालीच आला होता. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. ज्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते, तिथून कापसाच्या गाठी आगगाडीने बंदराला जाऊ लागल्या. लिव्हरपूलच्या बाजारात या मालाला 'ऊमराज' म्हणत. ऊमराज म्हणजे आपली उमरावती, अमरावती. गोऱ्या दलालांच्या जिभेवर आपल्या एका गावाचे नाव कापसाची जात होऊन बसले!

अर्थात अमरावती श्रीमंत झाली ती काही एकाएकी नव्हे. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या सावकारांना संरक्षण मिळावे म्हणून निजामाच्या अमलात १८०७ साली गावाभोवती दगडी परकोट बांधायला घेतला होता. त्या परकोटाचे दरवाजे आजही गर्दीत उभे आहेत. जवाहर गेटातून आत शिरले की जुन्या पेढ्यांच्या खुणा दिसतात. पांढरीशुभ्र खोळ चढविलेली गादी, मागे लोड, दोन्ही हातांशी तक्ये आणि पुढे उतरती लाकडी पेटी. या बैठकीवर बसून रुमालाखाली बोटे दाबून लाखांचे सौदे होत. कापसाचा सौदा कापसावर बसूनच व्हायचा, ही त्यातली गंमत.

ज्यांच्याकडे मी उतरलो होतो त्या माझ्या प्राध्यापक मित्रांच्या घरी अशी बैठक आता नाही. एक पाचजणी सोफा आहे, आणि त्याच्या मधल्या जागेवर पाहुण्याने बसताच तो हळूहळू खाली जाऊ लागतो. वहिनींनी माझी अवस्था पाहिली आणि त्याच दिवशी निकाल दिला, "आज तो सोफा दुरुस्तीला गेलाच पाहिजे." हातगाडीवर सोफा आणि मागून आम्ही दोघे प्राध्यापक, अशी मिरवणूक निघाली.

दुकान म्हणजे बारा फूट रुंद, वीस फूट खोल एक खोली. दाराशी मोटारीच्या सीटा, आत खुर्च्यांचे सांगाडे, माळ्यावर रेक्झीनचे तागे, आणि कोपऱ्यात पायाने चालवायचे शिवणयंत्र. मालक पंचेचाळिशीचे, तोंडात चार चुका धरलेल्या, हातात हातोडी. त्यामुळे पहिली दोन मिनिटे ते नुसती मान हलवीत होते. चुका संपल्यावर बोलले.

"खुर्ची पाह्यली का समजते जी, घरात कोन बसते ते."

त्यांनी आमचा सोफा तपासायला घेतला. डाव्या हाताची कड काळी पडली आहे, म्हणजे इथे कोणी रोज हात टेकून वर्तमानपत्र वाचते. पाठीवर तेलाचा गोल डाग, म्हणजे तोच माणूस वाचता वाचता झोपतो. पुढची शिवण उसवली आहे ती मुलांच्या उड्यांनी. उजवीकडची जागा मात्र नव्यासारखी. "ही वहिनीबाईची. त्याहिले बसाले टाइम कुठं भेटते?" माझे मित्र गप्प झाले. शेरलॉक होम्सला बेकर स्ट्रीटवर जे जमले, ते या गृहस्थांना या बोळात विनासायास जमत होते.

मग सोफा पालथा झाला आणि त्याचे पोट उघडले. आतून काय काय निघाले! साडेतीन पेन्सिली, एक कंगवा, शाळेचा बिल्ला, बंद पडलेली चार आण्याची नाणी, आणि एक गॅसची पावती. हे सारे एका डब्यात घालून मालकांनी डबा मित्रांच्या हातात दिला. सोफ्यात सापडलेली वस्तू गिऱ्हाइकाची, हा या धंद्यातला पहिला नियम. आणि तो मोडला तर मोहल्ल्यात दुसरे काम मिळत नाही, असे ते म्हणाले.

सोफ्याची आतली रचना मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. तळाशी लाकडी चौकटीवर उभ्या-आडव्या निवारीच्या पट्ट्या चटईसारख्या विणून ताणलेल्या. त्यांवर स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ दिशांना बांधलेली, म्हणजे एका जागी बसलेल्या माणसाचे वजन सगळ्या चौकटीने वाटून घ्यावे. स्प्रिंगांवर तरट, तरटावर काथ्या, काथ्यावर कापूस, कापसावर मांजरपाट आणि शेवटी दर्शनी कापड. काथ्या जागचा हलू नये म्हणून दोन्हीकडे टोक असलेला लांब दाभण वरून खाली, खालून वर असा घालून टाके घेतात. बाहेरून जो मऊपणा दिसतो तो असा सात थरांनी तोलून धरलेला असतो. आमच्या सोफ्यात दोन सुतळ्या तुटल्या होत्या आणि निवार ढिली झाली होती, इतकेच दुखणे.

हल्ली बहुतेक ठिकाणी स्प्रिंगांऐवजी फोम घालतात. जुनी माणसे त्याला अजून 'डनलॉप' म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. फोम विकत घेताना दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असे आकडे सांगतो आणि आपण समजल्यासारखी मान हलवितो. त्याचा अर्थ अगदी सोपा आहे. एक घनमीटर फोमचे वजन जितके किलो, तितकी त्याची डेन्सिटी. वजन जास्त तर तो दमदार. मालक बसायच्या जागेला ४०चा आणि पाठीला हलका फोम घालतात. "पाठीले कायले भारी पाह्यजे? पाठ टेकते, बुड बसते," असे त्यांचे शास्त्र. फोम वाईट असे ते मुळीच म्हणत नाहीत. तो हलका आहे, त्याला ऊन दाखवावे लागत नाही. फक्त एकदा दबला की पुन्हा उठत नाही.

चौकट मात्र सागाची असली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष. वऱ्हाडाच्या डोक्यावर मेळघाटचे जंगल आहे. तिथला साग परतवाड्याच्या लाकूडबाजारात उतरतो. इंग्रजांच्या काळी परतवाड्याला छावणी होती, अमरावतीला कॅम्प. साहेबांच्या बंगल्यांत लांब हातांच्या वेती आरामखुर्च्या आल्या. त्या पाहून वकिलांनी केल्या, वकिलांच्या पाहून जमीनदारांनी. साहेब गेले, खुर्च्या राहिल्या. अशा शंभरीला टेकलेल्या खुर्च्या अजून या दुकानात येतात आणि नवा वेत लेवून परत जातात.

चहा आला तेव्हा मी विचारले, "धंदा कसा काय चालतो?" हा प्रश्न मास्तर माणसाने विचारला तर उत्तर खरे मिळते, कारण मास्तरापासून स्पर्धेचे भय नसते. मालकांनी हिशेबच मांडला. गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभर रुपयांतले साठ कापड, फोम, चिकटा यांत जातात. पंचवीस दोन कारागिरांचे. पाच जागेचे भाडे आणि वीज. उरले दहा, तेही गिऱ्हाइकाने बाकी ठेवली नाही तर. इसार घेतल्याशिवाय ते कापड फाडीत नाहीत. कारण एकाच्या सोफ्यासाठी बेतलेले कापड दुसऱ्याच्या सोफ्याला बसत नाही. पाचजणी सोफ्याला दहा-बारा मीटर कापड लागते, आणि फुलाफुलांचे असेल तर फूल बरोबर मध्ये यायला हवे म्हणून आणखी. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला सवड नसते, लग्नसराईत बरे असते, आणि पावसाळ्यात हात मोकळे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो तेव्हा चिकट्याच्या वासात दुपारी कोणी टिकू शकत नाही. मग पहाटे पाचला दुकान उघडते.

"आन् जे दुरुस्त कराच्या लायकीचं नाही, त्याले मी हात लावत नाही," ते म्हणाले. कोपऱ्यात एक चकचकीत सोफा उभा होता. घेऊन तीन वर्षे झाली असतील. त्यांनी खालचे कापड बाजूला करून दाखविले. आत भुशाच्या फळ्या पिनांनी जोडलेल्या. "हे पाहा, निसता पुठ्ठा. याच्यात खिळा ठोकला का भुगा पडते. त्या बाईले सांगतलं, पैसे वाया नका घालू. बाई रागावली जी माह्यावर."

हा गृहस्थ मूळचा दर्यापूरकडचा, कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. बापाची सहा एकर जमीन. कर्जात चार गेली. तेराव्या वर्षी तो एका सोफावाल्याच्या हाताखाली चुका वेचायला लागला. उरलेल्या दोन एकरांत अजून दरवर्षी कापूस लावतो. मी म्हटले, "मग तुम्हांला दोन उत्पन्नं आहेत." ते हसले.

"वावराचं नुकसान दुकान भरते, सर. दुकानाचं नुकसान भराले कोनी नाही."

या वाक्यावर मला बोलता आले नाही. ज्या मातीने लिव्हरपूलचे बाजार भरले, त्याच मातीतल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या नव्वदीनंतर आपण इतक्या वाचल्या आहेत की हल्ली नजर त्यांवर ठरत नाही. कापूस पिकविणाऱ्याच्या घरी गादी क्वचित असते. तिथे जुन्या लुगड्यांची वाकळ असते. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून ती 'वाकय'. डोळ्यांचे 'डोये' होतात. भाषेचा हा नियम मी वर्गात बऱ्याचदा शिकविला होता. त्यातली ऊब आणि गारठा मात्र तिथे कळला.

त्या दिवसांत मालकांपुढे एक पेच होता. शहराबाहेर झालेल्या फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाने त्यांना पगारी नोकरी देऊ केली होती. महिन्याची रक्कम ठरलेली, रविवारची सुट्टी, उन्हाळ्यात गार हवा. अट एकच, की आपले दुकान बंद करायचे. घरी बायको म्हणत होती, घ्या. दोन्ही कारागीर काहीच म्हणत नव्हते; पण काम करता करता त्यांचे कान आमच्याकडे होते हे मला दिसत होते. त्यांतला धाकटा त्याच गावचा, बापाविना वाढलेला पोरगा. "मले नोकरी लागते, पन याले कोन ठेवते?" मालक हळू आवाजात म्हणाले.

त्यांनीच मला अकोल्याचा पत्ता दिला. "कापसाचं काम पाहाचं असन तं आमच्या चाचाकडं जा. आता कोनी उरलं नाही तसं."

बडनेऱ्याहून अकोला आगगाडीने दीड-एक तास. वाटेत मूर्तिजापूर. इथूनच एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची गाडी कापसासाठीच घातली होती. ती आता बंद पडली आहे. रुळांवर गवत आहे. अकोल्यात मोर्णेच्या काठी असदगडाचा बुरूज, राजराजेश्वराचे देऊळ, आणि जुन्या शहरात चाचांचे गादीघर. जिल्ह्यातले अकोट आणि बाळापूर पूर्वी सतरंज्यांसाठी नावाजलेले. म्हणजे बसायला सतरंजी, वर गादी, मागे लोड, असा सारा संसार याच जिल्ह्यात तयार होई.

चाचा सत्तरी ओलांडलेले पिंजारी. आता पिंजण्याचे काम यंत्र करते, पण भिंतीवर जुनी धनुकली टांगलेली आहे. माझ्यासाठी त्यांनी ती उतरविली. माणसाच्या उंचीहून मोठी लाकडी कमान, तिला ताणलेली तात, आणि ती छेडायला लाकडी मोगरी. तात कापसात बुडवून मोगरीचा ठोका दिला की ती थरथरते, आणि प्रत्येक थरकापासरशी कापसाचा गठ्ठा सुटून त्याचा ढग होतो. चाचांनी दोनच ठोके दिले. तो 'टंऽऽग' आवाज कानी पडताच माझे लहानपण डोळ्यांपुढे आले. दिवाळीनंतर थंडीच्या तोंडाशी पिंजारी आमच्या आळीत यायचे. अंगणात कापूस पसरायचे आणि आम्ही मुले नाकातोंडात रुई जाईपर्यंत भोवती नाचायचो. आपल्या पिढीतल्या कित्येकांची झोप त्या आवाजाने भरलेल्या गाद्यांवर झाली आहे.

चाचांचे आडनाव मन्सूरी. देशभर पिंजाऱ्यांत हे नाव आढळते. इसवी सन ९२२ मध्ये बगदादला ज्यांना सुळी दिले ते सूफी संत मन्सूर अल्-हल्लाज आपले पूर्वज, असे ते मानतात. 'हल्लाज' या अरबी शब्दाचा अर्थच पिंजारी. दादू दयाळ हे संतही पिंजाऱ्याचे काम करीत अशी परंपरा सांगते. गुंता सोडविणे, कचरा झाडून टाकणे, हलके करणे. या कामातच संतांना काही दिसत असले पाहिजे. चाचांना मी हे म्हटले तर ते खोकत म्हणाले, "वो सब ठीक है सर, पन ये रुई सीने में बैठ जाती है." धुळीने त्यांची छाती कायमची धरली आहे. कवित्व करणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे.

गादीला कापूस कसला लागतो, हेही चाचांकडून कळले. आपण समजतो लांब, रेशमासारख्या धाग्याचा कापूस उत्तम. कापडासाठी तो उत्तमच. पण गादीला आखूड, जाडसर धाग्याचा देशी कापूस बरा, कारण तो दबला तरी पुन्हा उभारी धरतो. वऱ्हाडात पूर्वी हाच कापूस पिके. पुढे संकरित वाण आले, २००२ साली बीटी आले, आणि देशी कापूस मागे पडत गेला. १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या, डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाने 'ए.के.ए.' या अक्षरांनी ओळखले जाणारे देशी वाण काढले. पण बाजारात ती रुई शोधावी लागते. म्हणून चाचा जुन्या गाद्यांतली रुई मोलाची मानतात. तीस वर्षांची गादी उसवून, कचरा काढून, पिंजून पुन्हा भरली की ती नव्याने उभी राहते.

मी बसलो असताना एक वृद्ध बाई आरामखुर्चीची गादी घेऊन आल्या. यजमान गेले, खुर्ची उरली. गादी पार चेपलेली. मुलाने फोम घालून आणायला सांगितले होते. बाई काही बोलेनात. नुसता त्या गादीवरून हात फिरवीत राहिल्या. तेव्हा आतून चाचांची सून पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने गादी हातात घेतली, दाबून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, आतली रुई चांगली हाये. तीच पिंजून भरून देतो. मानूस जे वापरत होता तेच राहीन, निसतं वरचं कापड नवं." बाईंचे डोळे भरून आले. भाव ठरला, तोही फोमपेक्षा कमी.

या सुनेची कथा मला चाचांनी नंतर सांगितली. त्यांचा मुलगा पुण्याकडे गाडी चालवतो; त्याला या धुळीत यायचे नाही. दुकानाची जागा विकावी असा त्याचा लकडा होता. तेव्हा सून म्हणाली, एक वर्ष माझ्या हाती द्या. तिने पिंजण्याचे यंत्र मागच्या पडवीत बंद खोलीत हलविले, तोंडाला फडके बांधण्याची सक्ती केली, मुलींच्या एका वसतिगृहाचे गाद्यांचे काम मिळविले, आणि खोळी शिवायला मोहल्ल्यातल्या दोन बाया ठेवल्या. वर्ष होऊन तीन वर्षे लोटली आहेत. दुकानावरची पाटी अजून चाचांच्याच नावाची आहे. "गादी हमारी, चलाती वो है," चाचा म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आपण किती नेमकी मराठी बोललो याची कल्पनाही नव्हती.

परत आल्यावर काही महिन्यांनी अमरावतीच्या मित्रांचे पत्र आले. सोफा ठणठणीत आहे. पाहुणे आता खाली जात नाहीत. त्या मालकांनी नोकरी नाकारली. पण त्या मोठ्या दुकानाची गरज काही संपली नाही. तिथून विकलेले सोफे वर्ष-दीड वर्षात कुरकुरू लागतात आणि गिऱ्हाइके भांडायला येतात. शेवटी त्यांनी ते दुरुस्तीचे सगळे काम नगाप्रमाणे मालकांकडेच द्यायचे ठरविले. दुकान चालू आहे, आणि तो धाकटा पोरगा आता दाभण धरायला शिकला आहे.

दिवाळीची झाडलोट आपल्या घरोघरी चाललीच असेल. एखादी जुनी खुर्ची, चेपलेला सोफा, माळ्यावरची गादी या दिवसांत डोळ्यांत सलू लागते. ती टाकून देण्यापूर्वी एकदा पालथी घालून पाहा. चौकट सागाची आणि सांधे घट्ट असले, तर तिचे अर्धे आयुष्य अजून बाकी आहे. गादी असेल तर एका कोपऱ्याची शिवण उसवून चिमूटभर रुई बोटांत चोळा. चुरा न होता ती उलगडली तर पिंजाऱ्याला हाक मारा. आणि तुमच्या गावात तो अजून असला, तर त्याने सांगितलेल्या भावात फार घासाघीस करू नका.